‘जुनं काम’ नावाचं फोल्डर: शहापुरातल्या एका डीटीपी केंद्राचं प्रकरण

बेळगावातल्या शहापूर भागात एक लहानसं डीटीपी केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक स्कॅनर, आणि आजवरच्या सगळ्या कामाचा साठा असलेली 1 टीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क. तुळशीचं लग्न झालं की इथं पत्रिकांची झुंबड उडते. त्या गडबडीत डिस्क भरली, म्हणून जागा करायला ‘जुनं काम’ नावाचं फोल्डर काढून टाकण्यात आलं. काढणाऱ्या ऑपरेटर मुलीचा समज सरळ होता: जुनं म्हणजे नको असलेलं. मालक अण्णांनी मात्र ते नाव ‘झालेलं काम’ या अर्थानं दिलं होतं. त्यात जुन्या पत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि शाळांची प्रमाणपत्रं होतीच. शिवाय खानापूर रस्त्याकडच्या एका गावच्या मराठी साहित्य संमेलनाच्या आजवरच्या सगळ्या स्मरणिकाही होत्या.

सीमाभागात ही गावोगावची संमेलनं किती मनावर घेतली जातात, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांत हिवाळ्यात मांडव पडतो, ग्रंथदिंडी निघते, लेझीम असतं, आणि गावातलाच कुणीतरी स्मरणिकेसाठी घरोघर जाहिराती गोळा करत फिरतो. या प्रकरणातल्या गावाचं यंदा रौप्यमहोत्सवी वर्ष होतं. जुन्या अंकांतलं निवडक साहित्य घेऊन विशेष स्मरणिका काढायची, असं समितीनं ठरवलं होतं, आणि ते निवडक साहित्य त्याच फोल्डरमध्ये होतं. गावाचं आणि माणसांचं नाव इथं देत नाही, त्यांची तशी इच्छा आहे.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातला. डेटा परत काढायची कामं अधूनमधून येतात. बहुतेक प्रकरणांत सांगण्यासारखं काही नसतं, या प्रकरणात होतं.

मुलीला मी पहिला प्रश्न विचारला, रीसायकल बिनचा. ती म्हणाली, “रोज डिलीट केलेलं बिनमध्ये जातंयच की वो सर. आदल्या दिवशी एक फोल्डर चुकून काढलो होतो, ते परत आणलो. ह्या वेळी कायतर विचारलं, मी येस दाबलो.”

ती सांगत होती ते शब्दशः खरं होतं. पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल विंडोज बिनमध्ये टाकत नाही, सरळ मिटवतं. एक्सटर्नल हार्ड डिस्कचं वागणं वेगळं असतं. तिच्यावर तिचं स्वतःचं लपलेलं बिन असतं आणि साधं डिलीट केलं तर फाइल तिथं जाते. पण त्या बिनला मर्यादा असते, डिस्कच्या साधारण पाच टक्के. 1 टीबीच्या डिस्कला ती पन्नास जीबीच्या आसपास येते. काढलं जाणारं फोल्डर त्याहून मोठं असेल, तर ‘हे बिनमध्ये मावत नाही, कायमचं काढू का?’ असं विंडोज विचारतं. आदल्या दिवशीचं फोल्डर लहान होतं म्हणून वाचलं. ‘जुनं काम’ शंभर जीबीच्या पुढचं होतं. अशी चौकट समोर आली तरी गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना ती वाचत बसायला कुणाला वेळ असतो? मुलीवर चिडण्यात अर्थ नाही, हे मी अण्णांना पहिल्या दिवशीच सांगितलं. त्यांना ते पटायला वेळ लागला.

खरं नुकसान त्यानंतरच्या दोन तासांत झालं. डिस्कवर जागा झाली, म्हणून एका लग्नाच्या अल्बमचे फोटो कार्डावरून तिच्यावर उतरवले गेले. संध्याकाळी अण्णांच्या लक्षात आलं तेव्हा ओळखीतल्या एकानं नेटवरून फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर घेतलं, चालवलं, आणि सापडलेल्या फायली साठवायला जागा विचारली गेली तेव्हा तीच डिस्क दाखवली. दुसरीकडं एवढी मोकळी जागाच नव्हती.

“सगळं आलं म्हणून दाखवलं, खरं उघडंना झालंय,” अण्णा मला फोनवर म्हणाले. मी त्यांना डिस्क काढून ठेवायला सांगितलं. पुन्हा कॉम्प्युटरला लावायची नाही, ‘एरर तपासा’ असं विंडोजनं विचारलं तर हो म्हणायचं नाही. मग मी तिथं गेलो.

फोल्डर मिटवल्यावर डिस्कवर नक्की काय होतं ते इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ही डिस्क एनटीएफएस या, विंडोजच्या फायली मांडून ठेवायच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली होती. या पद्धतीत प्रत्येक फाइलची एक नोंद एका मुख्य तक्त्यात असते. ही नोंद बहुधा 1024 बाइटची, आणि तिच्यात फाइलचं नाव, आकार, तारखा आणि मजकूर डिस्कवर कुठकुठल्या तुकड्यांत ठेवलाय त्याची यादी असते. वाचनालयाच्या रजिस्टरातली ओळच म्हणा: पुस्तक कपाटात असतं, ओळ रजिस्टरात. फाइल मिटवली की त्या नोंदीवरची ‘वापरात आहे’ ही खूण जाते आणि मजकुराची जागा मोकळी म्हणून जाहीर होते. मजकुराला कुणी हात लावत नाही, नोंदसुद्धा बरीचशी तशीच राहते. म्हणून मिटवल्या मिटवल्या थांबलं तर नावासकट जवळपास सगळं परत येतं.

गोम पुढे आहे. नवी फाइल आली की तिच्यासाठी नवी नोंद लागते, आणि एनटीएफएस साधारणपणे तक्त्यात वरून पहिली मोकळी सापडेल ती नोंद वापरतं. म्हणजे अल्बमचे शेकडो फोटो उतरवले तेव्हा जुन्या शेकडो नोंदी पुसल्या गेल्या. मजकूर जागेवर, पण तो कुणाचा हे सांगणारं काही उरलं नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअरनं त्याच डिस्कवर फायली लिहिल्या तेव्हा दुसरा घाव बसला, तो मजकुरावर. एक फाइल वाचवायची आणि ती दुसऱ्या न वाचवलेल्या फाइलीच्या अंगावर लिहायची, असा तो प्रकार. लिहिलेल्या जागेवर एकदा दुसरं काही लिहिलं गेलं की आजच्या डिस्कमधून जुनं काढता येत नाही, मग ती कुठल्याही लॅबमध्ये न्या.

संमेलन समितीचे सचिव निवृत्त शिक्षक आहेत. ते मुद्दाम गावाहून आले आणि म्हणाले, “बेंगळुरूला पाठवायचं का पुण्याला, तेवढं सांगा. आम्ही वर्गणी काढतो.” मी म्हटलं, “गुरुजी, डिस्क टकटक आवाज करत असती, फिरत नसती, तर पाठवाच म्हणालो असतो. ही धडधाकट आहे. हिचं दुखणं मशीनचं नाही.” त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. मोठ्या शहरात नेलं की बरं होतं, हा विश्वास आपल्याकडं दवाखान्यापासून डिस्कपर्यंत सगळीकडं आहे.

मूळ डिस्कवर काम करायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स चालू करून, मूळ डिस्क नुसती वाचायला लावून, जीएनयू डीडीरेस्क्यू या डिस्कची नक्कल घेणाऱ्या सॉफ्टवेअरनं तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या 2 टीबीच्या डिस्कवर घेतली. नक्कल म्हणजे फायलींची कॉपी नव्हे. पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत मोकळी जागासुद्धा धरून. यूएसबी 3 वर सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वेग मिळाला तर 1 टीबीला पावणेतीन तास लागतात. वेग डिस्कच्या आतल्या कडेकडं कमी होत जातो, त्यामुळं त्याहून जास्तच धरायचे. मध्ये वीज गेली. डीडीरेस्क्यू कुठवर वाचलं ते एका वेगळ्या नोंदफाइलीत लिहीत जातं, म्हणून वीज आल्यावर तिथूनच पुढं सुरू झालं. साध्या कॉपीच्या आज्ञेनं केलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून आलं असतं.

नक्कल झाल्यावर मी मोकळ्या जागेतले काही भाग उघडून पाहिले. याचं कारण आहे. एसएसडीमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवरच्या डिस्कमध्ये, ट्रिम नावाचा आदेश असतो. फाइल मिटवली की ती जागा खरोखर रिकामी करायला सांगितलं जातं आणि वाचायला गेलं की नुसती शून्यं मिळतात. हल्लीच्या काही फिरत्या डिस्कही हा आदेश पाळतात. तसं असतं तर प्रकरण तिथंच संपलं असतं. इथं शून्यं नव्हती, अक्षरं होती. पुढं जायला हरकत नव्हती.

पहिला हात टेस्टडिस्कनं मारला. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं हे मोफत सॉफ्टवेअर एनटीएफएसच्या तक्त्यातल्या मिटवलेल्या नोंदी वाचून दाखवतं. देवनागरी नावं त्या काळ्या खिडकीत तुटकी दिसत होती, वेलांट्या एकीकडं आणि अक्षरं दुसरीकडं; पण दुसऱ्या डिस्कवर उतरवल्यावर नावं नीट उमटली. फोल्डरांची रचना अर्धीमुर्धी होती. यादी पाहून अण्णा खूश झाले. मी झालो नाही, कारण नाव परत येणं आणि फाइल परत येणं यात फरक आहे, आणि तो लगेच दिसलाच. ‘ग्रंथदिंडी’ नावाची एक फोटोफाइल उघडली तर आत नवरीचे मेंदीभरले हात. नोंद जुनी, ती ज्या जागेकडं बोट दाखवते तिथं आता नवा फोटो येऊन बसलेला. दुसऱ्या एका फोटोत पालखी, पालखीमागं नऊवारीतल्या बायका, आणि कमरेखाली सगळा राखाडी पट्टा. आकार बरोबर, नाव बरोबर, तारीख बरोबर. रिकव्हरी सॉफ्टवेअरं ‘स्थिती उत्तम’ म्हणून हिरवा ठिपका दाखवतात, त्यावर विसंबून पैसे भरणाऱ्यांची मला कीव येते. फाइल उघडून, शेवटपर्यंत सरकवून पाहिल्याशिवाय ती आली असं म्हणू नये.

नावासकट आणि शाबूत अशा फायली साधारण निम्म्या निघाल्या. उरलेल्यांसाठी फोटोरेक. हे टेस्टडिस्कचंच भावंड. ते तक्त्याकडं बघतच नाही; सगळी डिस्क चाळून फायलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं. जेपीईजी फोटो एफएफ डी8 एफएफ या बाइटनी सुरू होतो, पीडीएफच्या तोंडाशी टक्क्याच्या चिन्हामागं पीडीएफ असंच लिहिलेलं असतं. खूण दिसली की तिथून पुढचं उचलायचं. यात नावं मिळत नाहीत, फोल्डर मिळत नाही, आणि फाइल डिस्कवर दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवलेली असेल तर पहिला तुकडाच नीट येतो. वर्षानुवर्षं भरत-रिकामी होत आलेल्या डिस्कवर मोठ्या फायली विभागलेल्याच असतात. लहान फोटो भरपूर आले, मोठ्या पीडीएफ मोडक्या आल्या.

फोटोंची वर्षवार लावणी त्यातल्या त्यात सोपी. कॅमेरा फोटोच्या आतच तारीख लिहून ठेवतो, नाव गेलं तरी ती राहते. अडचण एका कॅमेऱ्याची झाली, ज्याची तारीख विकत घेतल्यापासून कुणी लावलीच नव्हती. त्याचे सगळे फोटो 1 जानेवारीचे. ते गुरुजींनी मांडवाच्या कापडावरून लावले: निळं-पांढरं कापड कुठल्या साली आणि पिवळं कुठल्या साली, ते त्यांना पाठ होतं.

खरी मजा मजकुराच्या फायलींत होती. इथल्या डीटीपीवाल्यांचं मराठी काम अजून पेजमेकर आणि कोरलड्रॉ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. पेजमेकर 7 ही शेवटची आवृत्ती 2001 सालची, तरी तिला धक्का लागलेला नाही. अक्षरं श्रीलिपीची; देवनागरी देवनागरी म्हणूनच साठवणारं युनिकोड नव्हे. म्हणजे पडद्यावर ‘स्मरणिका’ दिसतं, पण फाइलीत त्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कडबोळा साठवलेला असतो, आणि श्रीलिपीचा फाँट चढवल्यावरच तो मराठी दिसतो. त्यात हे बेळगाव. निम्म्या पत्रिका मराठीत, निम्म्या कन्नडमध्ये, काही दोन्हींत. कन्नड काम नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं, आणि नुडीचा जुना मजकूरही तसाच रोमन कडबोळा. बिननावाच्या हजारो फायलींत मराठी कुठली, कन्नड कुठली, स्मरणिकेची कुठली आणि बारशाची कुठली हे देवनागरीत शब्द टाकून शोधता येत नाही, कारण फाइलीत देवनागरी नाहीच.

उपाय मुलीनं सुचवला, तोही सहज. “सर, तेच फाँट लावून गावाचं नाव टाइप करून सेव्ह करूया की. मग त्यात काय दिसतंय बघा.” केलं. अण्णांच्या कॉम्प्युटरवर त्याच श्रीलिपीत गावाचं नाव आणि ‘संमेलन’ हे दोन शब्द टाइप करून पेजमेकर फाइल साठवली, तिचे बाइट उघडून पाहिले, आणि तो कडबोळा नकलेत जिथंजिथं येतो ती ठिकाणं शोधली. पेजमेकरच्या फायली अशा सापडल्या. त्यांची सुरुवातीची खूण मी पेनड्राइव्हवर राहिलेल्या जुन्या चांगल्या फायलींवरून घेतली आणि फोटोरेकला शिकवली. फोटोरेक स्वतःच्या खुणांची फाइल घेतं. काही उघडल्या, काहींनी पेजमेकरच बंद पाडलं. न उघडणाऱ्यांतला मजकूर तरी बाइटमधून उचलून, श्रीलिपी चढवून वाचता आला. पानांची मांडणी गेली, शब्द राहिले.

कोरलला ही युक्ती लागू पडत नाही. एक्स4 आवृत्तीपासूनच्या कोरल फायली आतून झिप असतात, मजकूर दाबून भरलेला, त्यामुळं बाहेरून शब्द शोधता येत नाही. पण आत फाइलीचं एक छोटं चित्र असतं. ती चित्रं काढून एका खिडकीत ओळीनं लावली आणि मुलगी ते बघत बसली. “हे मुतग्याचं बारसं. हे अनगोळचं लग्न. हे आपलं नव्हे, हे सँपल.” ती न अडखळता सांगत होती. कुठलंही सॉफ्टवेअर हे करू शकलं नसतं. अण्णांचा राग त्या दुपारी उतरला, असं माझं निरीक्षण.

डिस्कवर एवढी मेहनत चालू असताना गुरुजींना मी वेगळ्या कामाला लावलं होतं. प्रुफं कुणाकुणाला पाठवली होती ते शोधायचं. स्मरणिका छापायच्या आधी लेखकांना, अध्यक्षांना, जाहिरातदारांना पानं गेलेली असतातच. अण्णांच्या मेलच्या ‘पाठवलेल्या’ पेटीत चार-पाच वर्षांच्या छपाईच्या पूर्ण पीडीएफ निघाल्या, जशाच्या तशा. ऑफसेटवाल्याकडं आणखी दोन वर्षांच्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली पानं दाबली जाऊन पुसट झालेली, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या पीडीएफ अस्सल. माझ्या अनुभवात निम्मी रिकव्हरी अशीच होते, आणि ती आधी करावी. मोडकी पीडीएफ जोडत रात्र काढायची आणि तीच पीडीएफ कुणाच्या तरी फोनमध्ये सुखात पडलेली असायची, हे मी पाहिलंय.

हिशेब असा जमला. स्मरणिकांपैकी बहुतेक वर्षांचा मजकूर मिळाला, काही पूर्ण पानांसकट, काही नुसते शब्द. फोटो बरेच आले. सर्वात जुन्या वर्षांचे स्कॅन सर्वात जास्त बुडाले, कारण त्यांच्याच जागेवर अल्बम येऊन बसला होता. एक लेख मात्र कुठंच सापडेना. 1946 साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झालं आणि तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्या संमेलनाला लहानपणी वडिलांबरोबर गेलेल्या गावातल्या एका आजोबांची आठवण होती ती. आजोबा आता नाहीत. विशेष स्मरणिकेची सुरुवात त्याच लेखानं करायची असं ठरलेलं. शेवटी छापील अंक शोधला. वाचनालयातला अंक कुणीतरी नेलेला, पण लेखकाच्या सुनेकडं कपाटात एक प्रत होती, तेलाचा डाग पडलेली. लेख त्यावरून पुन्हा टाइप केला, या वेळी युनिकोडमध्ये. गुरुजींनी प्रुफं तपासताना जुन्या अंकातली एक चुकीची तारीख पकडली आणि दुरुस्त केली.

केंद्रात आता दोन डिस्क आहेत. दुसरी रात्री अण्णांच्या घरी जाते, आणि मेळ घालायचं काम त्याच मुलीकडं आहे. फोल्डरांची नावं वर्षावरून आणि गिऱ्हाइकावरून. मूळ डिस्क वापरात घ्यायची घाई करू नका, एवढंच मी सांगितलं. महिनाभरानं कुणीतरी उरलेलं काहीतरी मागतंच, आणि नक्कल असली तरी मूळ असलेली बरी.

तसं झालंही. स्मरणिका वेळेत छापली गेली, पण एका शाळेला जुन्या प्रमाणपत्राचा साचा हवा आहे, आणि वडगावच्या एका कुटुंबाला मोठ्या मुलीच्या पत्रिकेसारखीच धाकटीची हवी आहे. साचा चित्रांच्या खिडकीत सापडला. पत्रिकेची फाइल अल्बमखाली गेली आहे, ती येणार नाही, आणि अण्णांनी त्यांना घरातली छापील पत्रिका घेऊन यायला सांगितलंय.